उलट्या फेरीतलं शेवटचं गाव

शालिकभाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा त्यांचाच आवाज माझ्या ऑफिसच्या खिडकीखालून चालला होता. वैशाखातली सकाळ, साडेअकरा वाजले असतील. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या कचेऱ्यांत या दिवसांत पंखे नुसती गरम हवा ढवळत असतात. फोन निर्मलाताईचा, माझ्या थोरल्या बहिणीचा. "बापू, तुहे भाऊजी गेले रे..." ती म्हणाली, आणि खाली रस्त्यावर भोंगा गरजत होता, "इंदूआत्या परत येऊन राह्यली हो मायबाप, रोज संध्याकाळी साडेसातले!" तोच आवाज, शेवटच्या शब्दाला तीच ओढ. मी ताईला म्हणालो, "काय बोलून राह्यली तू? ते खाली रस्त्यावर तं आहेत." ताई म्हणाली, "तो डब्बा बोलून राह्यला, बापू. मानूस इथं पडून आहे." या गोष्टीला आता सव्वा महिना झाला. राग निवळू दे, मग लिही, असं मला चारजणांनी सांगितलं. तेवढी वाट पाहिली असती तर हे कधीच लिहून झालं नसतं, म्हणून रागातच लिहितो आहे.

भाऊजी माईकवाले होते. ऑटोच्या टपावर दोन भोंगे, मांडीवर माईक, एका हातात हँडल. तीसेक वर्षं त्यांनी हेच केलं. आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, रात्रभर दंडारीचे नाचगाण्याचे खेळ आणि नाटकं होतात. कुठल्या गावात कुठलं नाटक, कोण नटी येणार, हे पंचक्रोशीला सांगायचं काम भाऊजींचं. उरलेलं वर्ष मग पोलिओचे डोस, कुणाची हरवलेली म्हैस, धानखरेदीची तारीख, रामपायलीच्या राममंदिरातला उत्सव. मराठी येते त्याला मराठीत, नाही त्याला हिंदीत. पण कुठलीही घोषणा असो, सुरुवात एकच: "मायबाप, मी शालिक बोलून राह्यलो." आधी स्वतःचं नाव, मग बाकीचं जग. आणि घोषणा संपली की माईक बंद करून ते पाच मिनिटं तिथंच उभे राहायचे. का, तर कुणाला काही विचारायचं असेल. बायका दारात येऊन विचारायच्या, डोस दोन वर्षांच्या पोराला चालते का, नाटकाला बसायला चटई आणायची का. ताईच्या लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्या ऑटोत बसलो तेव्हा या थांबण्याचा मला वैताग आला होता. म्हटलं, भाऊजी, टेप करून ठेवा ना एकदा, घसा तरी वाचेल. ते म्हणाले, "टेप लावली का मानूस मोकळा होते, बापू. मंग विचारनाऱ्यानं कोनाले विचारावं?"

त्यांची आणखी एक रीत होती, तिच्यासाठीच हा लेख. सांगितलेलं बदललं, तर त्यांनी ज्या गावांत ते सांगितलं त्या सगळ्या गावांत परत जायचं. शेवटच्या गावापासून पहिल्या गावाकडं, उलट क्रमानं, जमलं तर त्याच वेळेला. तिला ते उलटी फेरी म्हणत. एकदा राजेगावच्या मंडईत मोठ्या नाटकाची नटी ऐनवेळी आजारी पडली. मंडळवाल्यांनी हात जोडून सांगितलं, शालिकभाऊ, बोलू नका, लोक येऊन बसले की कळेल त्यांचं त्यांना. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं, आणि ऑटो काढून निघून गेले. सात गावांत जाऊन सांगून आले, मी शालिक बोलून राह्यलो, बाई बिमार आहे, तिच्या जागी दुसरी उभी राहीन, पाहा तुमच्यानं यायचं तं या. त्या दिवशी अर्धा मंडप रिकामा राहिला. ते पुण्य फळाला येऊन मंडप भरून वाहिला असं काही झालं नाही, तसं फक्त मालिकेत होतं. राजेगावच्या मंडळानं पुढं दोन वर्षं त्यांना बोलावलंसुद्धा नाही. ताई चिडली तर म्हणाले, "मंडळ नवीन भेटन. माहा आवाज ऐकून दार उघडनारी बाई मले दुसरी कुठून भेटन?"

आता त्या मालिकेबद्दल. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. माझ्या मेलेल्या माणसाच्या लेखातून तिची आणखी जाहिरात कशाला? इंदूआत्या नावाची एक बाई भावाचं घर सांभाळते, भावाची पोरं वाढवते, आणि सगळे मोठे झाल्यावर त्या घराला नकोशी होते, एवढीच गोष्ट. साडेसात वाजले की आमच्याकडं ताई, तिच्या शेजारणी, सगळ्या टीव्हीच्या डब्यापुढं. नातवंडं घरात हिंदीच बोलतात, तेवढा अर्धा तास मात्र आजीजवळ बसून मराठी ऐकायची. तीन वर्षांपूर्वी ती मालिका एकाएकी संपवली. शेवटच्या भागात इंदूआत्या एक पिशवी घेऊन लाल बसमध्ये चढते, बस धूळ उडवत जाते, नावं वर सरकतात... झालं. कुठं गेली, कुणाकडं गेली, जेवली का उपाशी राहिली, काही नाही. हसू नका. आमच्या भागातल्या बायका खरंच विचारायच्या. राजेगावच्या द्वारकाबाई, ज्या स्वतः तरुणपणी विधवा होऊन भावाच्या घरी राहिल्या आणि तिथंच म्हाताऱ्या झाल्या, त्या भाऊजींना प्रत्येक खेपेला म्हणायच्या, "तू एवढा फिरतं, तुले कुठी दिसली का रे आत्या?" आणि भाऊजी म्हणायचे, "पाहून राह्यलो, माय."

या फेब्रुवारीत चॅनेलला आपली इंदूआत्या आठवली. मालिकेचा नवा सीझन, आणि त्याची हवा छोट्या गावांतून तापवायची, असं ठरलेलं. अद्वैत नावाचा मार्केटिंगवाला माणूस मुंबईहून आला. टापटीप, गोड बोलणारा, प्रत्येकाला काका-मावशी करणारा. तो मला माझ्या ऑफिसात भेटला, कारण इथल्या मराठी मंडळाचा सचिव मी. म्हणाला, महाराष्ट्राबाहेरची मराठी घरं आमच्यासाठी सोन्याची खाण आहेत, आकडे तिथून वर जातात. मी हुरळलो. बालाघाटकडं कुणी मराठी म्हणून पाहतंय याचाच मला आनंद. मीच त्याला भाऊजींच्या घरी नेलं, मीच ओळख करून दिली, मीच म्हटलं की यांच्यासारखा आवाज तुम्हाला दहा जिल्ह्यांत मिळणार नाही. भाऊजींनी एकच प्रश्न विचारला, "बाई खरंच येऊन राह्यली का?" अद्वैत म्हणाला, "काका, प्रोमो बघा की." मोबाईलवर तीच बस, तीच पिशवी, तोच तिचा चेहरा, आणि वर अक्षरं, इंदूआत्या परत येतेय. भाऊजींनी दोनदा पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं म्हणजे झालं, असं त्यांना वाटलं. मलाही.

पहिली फेरी त्यांनी स्वतः मारली. अकरा गावं. रामपायलीच्या मंदिरापुढून सुरुवात, कारण शुभकाम रामापासून, आणि शेवट राजेगावला, महाराष्ट्रात जाणाऱ्या पुलाच्या अलीकडं. मागून चॅनेलची गाडी, तिच्यात इंदूआत्याचा माणसाएवढा पुठ्ठ्याचा पुतळा, हातात पिशवी, मागं लाल बसचं चित्र. बायकांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे आणि पाठवायचे, एवढीच त्यांची योजना होती. आमच्या बायकांनी काय केलं? राजेगावात पुतळा उतरवला तेव्हा द्वारकाबाई आतून तांब्या घेऊन आल्या. पुठ्ठ्याच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, कुंकू लावलं, आणि पदरातून खण, नारळ, तांदूळ काढून त्या पुतळ्याची ओटी भरायला लागल्या. पुठ्ठ्याला पदर कुठला? तांदूळ खाली सांडले. मग दुसरीनं स्वतःचा पदर पुढं धरला, आत्याच्या वतीनं. लेक माहेरी आली की करतात तेच. विधवेनं ओटी भरू नये, हे त्या घडीला कुणी मनात आणलं नाही. अद्वैतचा कॅमेरेवाला नाचायचा तेवढा बाकी होता. तो तुकडा पुढं टीव्हीवर रोज वीसदा दाखवला, दर जाहिरातीनंतर, आता बारा दिवस, आता अकरा दिवस, असं मोजत. द्वारकाबाईंच्या डोळ्यातलं पाणी जवळून, संथ करून, खाली बासरी लावून.

मग अद्वैतनं सांगितलं, गावं वाढवायची आहेत, तीन ऑटो लावू, काकांचा आवाज रेकॉर्ड करू. भाऊजी नाही म्हणाले. दोन दिवस नाहीच म्हणत होते. आणि इथं मी पुढं झालो. उन्हाळा तोंडावर आहे, तुमची छाती मागच्या वर्षी दुखली होती, डॉक्टर काय बोलले आठवा, एकदा बोला आणि घरी बसा... हे सगळं मी बोललो, आणि सगळं खरं होतं. ताईनंही माझी री ओढली. फोटो स्टुडिओच्या वरच्या खोलीत रेकॉर्डिंग झालं. भाऊजींनी सुरुवात केली, "मायबाप, मी शालिक बोलून राह्यलो," तर अद्वैतनं थांबवलं. "काका, नाव नको. सुरुवातीला आत्याचं नाव येऊ दे." भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. आवाज डब्यात भरायला लावणारा मी, त्यातून नाव काढू देणाराही मीच. चॅनेलला शिव्या घालताना हे लपवलं तर माझ्यात आणि अद्वैतमध्ये फरक काय राहिला?

नवा सीझन सुरू झाला त्या सोमवारी भाऊजींच्या ओसरीवर तीसेक बायका होत्या. साडेसात वाजले. पडद्यावर तेच घर, नवा रंग दिलेला, नवी सून, नव्या साड्या. कॅमेरा भिंतीवरून फिरत फिरत एका फोटोवर येऊन थांबला. इंदूआत्याचा फोटो, त्याला चंदनाचा हार. खाली समई. नवी सून हात जोडून म्हणते, आत्याबाई, तुमचे आशीर्वाद असू द्या. पाव मिनिट, फार तर अर्धं. मग जाहिराती. द्वारकाबाईंनी राजेगावहून भाचसुनेच्या फोनवरून ताईला फोन लावला तो आठ वाजता. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. भाऊजींना फोन द्यायला सांगितला आणि म्हणाल्या, "मेलेल्या बाईची ओटी भरून घेतली रे माह्याकडून. तू म्हनला म्हून भरली."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर अद्वैतला फोन लावला. तो खुशीत होता. मी विचारलं, हे तुम्हाला आधी माहीत होतं का? म्हणाला, "ऑफकोर्स सर. आत्याचं काम करणाऱ्या मॅडमनी नव्या सीझनला नकारच दिला होता. पण प्रोमोत आपण कुठंही खोटं बोललो नाही, आठवण परत येतेच ना?" मी म्हटलं, बायका चिडल्यात. "चिडू दे की! चिडले म्हणजे बोलतात, बोलले म्हणजे दुसरे बघतात. पहिल्या दिवसाचा आकडा भन्नाट आलाय. पुढचा आठवडा त्याच रागावर चालेल." म्हणजे त्या बाईचं रडणं एकदा विकून झालं, आता तिचा संताप विकायला काढला होता. भाऊजींनी माझ्या हातातून फोन घेतला. "बेटा, ते तीन ऑटो बंद कर. माहा आवाज काढून घे." अद्वैत म्हणाला, "काका, महिनाअखेरपर्यंतचं बुकिंग आहे, आता माझ्या हातात नाही." सगळं त्याच्याच हातात होतं इतके दिवस. भाऊजींनी फोन मला परत दिला आणि अंगणात जाऊन ऑटोच्या टपावरचे भोंगे पुसायला लागले. ताई म्हणाली, ऊन पाहा, काहून जीवावर उठले? ते म्हणाले, "नाव नाही घेतलं तरी आवाज कोनाचा होता, निर्मला?"

उलटी फेरी राजेगावपासून सुरू झाली. द्वारकाबाईंच्या दारात ते काय बोलले मला माहीत नाही, त्या दिवशी मी ऑफिसात होतो. शनिवारी मात्र मी त्यांच्याबरोबर गेलो. एका गावचा आठवडी बाजार होता. भाऊजींनी चौकात ऑटो लावला, माईकवर तीनदा बोट वाजवलं आणि सुरू केलं, "मायबाप, मी शालिक बोलून राह्यलो. मी तुमाले सांगतलं होतं का आत्या येऊन राह्यली..." एवढ्यात समोरच्या रस्त्यानं चॅनेलचा ऑटो आला. त्यातून शालिकभाऊजीच गरजत होते, "इंदूआत्या परत येऊन राह्यली हो मायबाप!" बाजारातले लोक आधी बावचळले आणि मग हसायला लागले. भाजीवाल्यापासून पोराटोरांपर्यंत सगळे. एक म्हणाला, "भाऊ, कौनसा वाला सही है?" तीस वर्षांत त्या माणसावर त्या भागात कुणी असं हसलेलं मी पाहिलं नव्हतं. भाऊजींनी माईक खाली केला. स्वतःचाच आवाज पुढून जाईपर्यंत हात जोडून उभे राहिले. तो लांब गेल्यावर पुन्हा बोट वाजवलं, पुन्हा पहिल्या शब्दापासून सगळं सांगितलं: आत्या येत नाही, तिचा फोटो आहे, मी नीट न विचारता बोललो, माफ करा. मग माईक बंद करून पाच मिनिटं थांबले. कुणीच काही विचारायला आलं नाही. परत येताना मी म्हटलं, भाऊजी, एक मालिका आहे, लोक आठ दिवसांत विसरतील. बरंच पुढं आल्यावर ते म्हणाले, "उद्या मी पोलिओचं सांगीन तं हेच लोक म्हनन, हा कोनता शालिक, डब्ब्यातला का बाहेरचा?"

दहा गावं झाली. अकराव्याला, रामपायलीला निघाले असताना वाटेत एका कडुनिंबाखाली त्यांनी ऑटो उभा केला, इंजिन बंद केलं, माईक रुमालात गुंडाळून सीटवर ठेवला आणि स्वतः मातीत बसले. रस्त्यानं जाणाऱ्यांनी उचलून बालाघाटला आणलं. ऊन आणि हृदय, दोन्ही मिळून, असं डॉक्टर म्हणाले. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे, खिडकीखालून जाणारा आवाज आणि ताईचा फोन. माती देऊन आलो त्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी भाऊजी पुन्हा ओरडत गेले, रोज संध्याकाळी साडेसातले. ताईनं कानावर पदर घेतला. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि बसस्टँडजवळच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. पहिला ऑटो आडवा होऊन थांबवला. ड्रायव्हर म्हणाला, "साहब, हमको तीस तारीख तक बजाने को बोला है." मी म्हटलं, "जिसकी आवाज है, वो आदमी मर गया." त्यानं मशीन बंद केली, पेन ड्राइव्ह उपसून काढला, कपाळाला लावला आणि माझ्या हातावर ठेवला. त्यानं काही कागद मागितला नाही, बुकिंगचं नाव काढलं नाही. बाकीचे दोन मला त्याच आठवड्यात सापडले.

दहाव्या दिवशी अद्वैतचा फोन आला. खूप वाईट वाटलं म्हणाला. पुढं लगेच म्हणाला, सर, आम्ही काकांना एक छान श्रद्धांजली द्यायचं ठरवतोय, 'आत्याचा आवाज हरपला' असं काहीतरी, मावशींचे दोन शब्द, काकांचा हार घातलेला फोटो, आणि मागं त्यांचंच रेकॉर्डिंग... मी जे बोललो ते या पुरवणीत छापता येणार नाही. एका बाईला हार घालून त्यांचं पोट भरलं नव्हतं. त्यांना दुसरा फोटो हवा होता, तोही साडेसातच्या आधी.

तेरावं झाल्यावर ताईनं ट्रंकेतून माईक काढून दिला, रुमालासकट. रुमालाला अजून त्यांच्या तंबाखूचा वास होता. रविवारी ऑटो मी चालवला, वेडावाकडा, कारण मला धड येत नाही. रामपायलीला मंदिरासमोर, जिथून पहिली फेरी सुरू झाली होती तिथंच उभा केला. बोट तीनदा वाजवलं. म्हणालो, "मायबाप, मी शालिकचा साळा बोलून राह्यलो. शालिकनं सांगतलं होतं का आत्या येऊन राह्यली. आत्या नाही येत. शालिकही नाही येत आता. त्याचा आवाज डब्ब्यात भरायले मी लावला होता, तो नाही म्हनत होता." एवढंच. माईक बंद केला. रुमालात गुंडाळला.

समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. डोळ्यांवर हात धरून तिनं मला निरखलं. विचारलं, "शालिकनं सांगतलं होतं का तुले, जाय म्हून?" मी म्हटलं, "नाही, माय. त्याचं हे एक गाव राह्यलं होतं." तिनं मान हलवली, आत गेली आणि पाण्याचा गडवा आणून माझ्यापुढं ठेवला. खिशात फोन वाजत होता. पडद्यावर अद्वैतचं नाव होतं. मी तो उचलला नाही. पाच मिनिटं व्हायची होती अजून, आणि कुणाला काही विचारायचं असेल तर मी तिथं असायला हवं होतं.